कीर्द सांधताना: व्यवहारांची लॉग फाइल हाताने दुरुस्त करायची रीत

जूनचा दुसरा आठवडा, गुरुवार, अप्पा बळवंत चौक. शाळा सुरू व्हायला तीन-चार दिवस, त्यामुळे पुस्तकांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नाही. दुपारी पावणेएकला वीज गेली. गुरुवारी वीज जाणार हे पुण्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. यूपीएसची बॅटरी केव्हाच बसली आहे, हे मात्र दुकानात कुणालाच ठाऊक नव्हतं. दहा मिनिटांनी वीज आली, पण बिलांचा प्रोग्राम उघडेना. ‘लॉग ओळ ४८२७ वाचता येत नाही’ एवढं सांगायचा आणि मिटायचा.

दुकानाचे मालक अण्णा यांचा फोन आला तेव्हा मागे गिऱ्हाइकांचा गलका ऐकू येत होता. “अगं, कीर्दच फाटल्यासारखी झालीय बघ. लवकर ये.”

अण्णांनी तरुणपणी हाताने कीर्द लिहिली आहे, त्यामुळे त्यांना आपोआपच बरोबर शब्द सुचला. पुढचं सगळं त्या दिवशीच्या कामाच्या आधाराने लिहिते आहे. छोट्या दुकानांचे, पतपेढ्यांचे, वर्कशॉपचे प्रोग्राम सांभाळणाऱ्यांना हे कधी ना कधी करावं लागतंच.

लॉग म्हणजे कीर्द, तक्ते म्हणजे खतावणी

जुन्या हिशेबात व्यवहार झाला की तो आधी कीर्दीत लिहायचा आणि मग सवडीने खतावणीत ज्याच्या-त्याच्या खात्यावर चढवायचा. खतावणी हरवली तर कीर्दीवरून नवी मांडता येते. कीर्द गेली तर खतावणीवरून ती परत उभी राहत नाही, कारण कुठला व्यवहार आधी आणि कुठला नंतर हे खतावणी सांगत नाही. संगणकातही हेच. प्रोग्राम आधी लॉगच्या शेवटी ओळ जोडतो, मग शिलकेचा तक्ता बदलतो. मध्येच वीज गेली तर पुढच्या वेळी उघडताना तो लॉग वाचून तक्ता जुळवून घेतो.

मोठ्या डेटाबेसमध्ये ही जुळणी कशी करावी याची शास्त्रशुद्ध पद्धत आयबीएममधल्या सी. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली ‘एरीज’ या नावाने मांडली. तिच्यात तीन फेऱ्या असतात. पहिल्या फेरीत लॉग वाचून कोणते व्यवहार पुरे झाले आणि कोणते अर्धवट राहिले ते ओळखायचं. दुसऱ्या फेरीत लॉगमधलं सगळं क्रमाने पुन्हा घडवायचं. तिसऱ्या फेरीत अर्धवट राहिलेले व्यवहार उलटवायचे. हाताने दुरुस्ती करतानाही हाच क्रम मनात ठेवावा. बहुतेक जण पहिली फेरी गाळून थेट ओळी ‘नीट’ करायला बसतात आणि तिथेच घोळ घालतात.

कुठल्या लॉगला हात लावायचा नाही

पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, एसक्यूलाइट या तयार डेटाबेसचे आतले लॉग हाताने दुरुस्त करायचे नसतात. ते माणसाने वाचायचे नसतातच. ‘लॉग’ या शब्दाने लोक फसतात. पोस्टग्रेस आपला आतला लॉग ज्या फोल्डरमध्ये ठेवतं त्याच्या नावात पूर्वी ‘लॉग’ होतं. डिस्क भरली की लोक ‘जुने लॉग दिसतायत, उडवू या’ म्हणून तो रिकामा करायचे आणि अख्खा डेटाबेस घालवून बसायचे. शेवटी २०१७ साली दहाव्या आवृत्तीत त्याचं नाव पीजी-एक्सलॉगवरून पीजी-वॉल असं बदललं. तो लॉग कोरा करून डेटाबेस जबरदस्तीने उघडणारं एक साधन पोस्टग्रेसबरोबर येतं. ते शेवटचा उपाय म्हणून आहे. ते चालवल्यावर जे हाती लागेल ते उपसून नव्या डेटाबेसमध्ये न्यायचं असतं, त्याच डेटाबेसवर रोजचं काम सुरू ठेवायचं नसतं.

एसक्यूलाइटच्या फाइलीशेजारी ‘जर्नल’ किंवा ‘वॉल’ शेपूट असलेली फाइल दिसली तर ती कचरा समजून पुसू नका. अर्धवट राहिलेल्या व्यवहारातून सावरायचा मार्ग त्याच फाइलीत असतो. डेटाबेसची प्रत काढताना ती फाइलही सोबत घ्या. मायएसक्यूएलमध्ये इनोडीबीला (डेटा साठवणाऱ्या त्याच्या आतल्या भागाला) बळजबरीने उठवायच्या १ ते ६ अशा पायऱ्या आहेत. ४ आणि त्यापुढच्या पायऱ्यांनी डेटाचं कायमचं नुकसान होऊ शकतं, म्हणून १ पासून चढत जायचं आणि जिथे डेटा बाहेर काढता येईल तिथे थांबायचं.

हाताने दुरुस्त करता येतो तो आपल्या प्रोग्रामने साध्या मजकुरात, ओळीला एक नोंद अशा रीतीने लिहिलेला व्यवहारांचा लॉग. अण्णांच्या दुकानात तो तसा होता. तुमचा तसा नसेल तर पुढचं वाचून उपयोग नाही, बॅकअप शोधा.

आधी अर्धा तास काहीच दुरुस्त करू नका

मी पोचले तेव्हा अण्णांच्या पुतण्याने प्रोग्राम पाच-सहा वेळा उघडून बघितला होता. नशिबाने हा प्रोग्राम लॉग वाचता आला नाही तर काही न लिहिता बंद होतो. काही प्रोग्राम प्रत्येक वेळी उघडताना लॉगच्या शेवटी स्वतःची ओळ जोडतात, तेव्हा फाटक्या जागेनंतर नवा मजकूर चिकटतो आणि गुंता वाढतो. म्हणून आधी प्रोग्राम बंद, दुसऱ्या काउंटरवरचाही बंद. रात्रीचा आपोआप होणारा बॅकअपही थांबवा, नाहीतर तो मोडकी फाइल घेऊन कालच्या चांगल्या प्रतीवर बसेल. फोल्डर क्लाउडशी जोडलेला असेल तर नेटची वायर काढा. डिस्कवर जागा शिल्लक आहे का तेही बघून घ्या. डिस्क भरल्यामुळेही शेवटची ओळ अशीच अर्धी राहते, आणि अशा वेळी दुरुस्ती करून काही होत नाही, पुढच्या बिलाला पुन्हा तेच.

मग प्रती. लॉग फाइल, कालची दिवसअखेरची शिल्लक आणि प्रोग्रामच्या सेटिंगची फाइल, या सगळ्यांच्या दोन प्रती वेगळ्या पेनड्राइव्हवर काढायच्या. एक प्रत फक्त-वाचा अशी करून खिशात टाकायची, दुसरीवर काम करायचं. मूळ फाइलीला शेवटपर्यंत हात लावायचा नाही. डिस्कच कुरकुर करत असेल तर फाइली कॉपी करत बसू नका, अख्ख्या डिस्कची प्रतिमा काढा.

प्रत काढली की तिचा एसएचए-२५६ ठसा (फाइलीतल्या मजकुरावरून काढलेली खूण, एक अक्षर बदललं तरी ती बदलते) काढून कागदावर लिहून ठेवा. विंडोजमध्ये सर्टयुटिल आणि लिनक्समध्ये एसएचए२५६सम ही आज्ञा ते काम करते. ६४ अक्षरं हाताने लिहायचा कंटाळा येतो, पहिली आणि शेवटची आठ लिहिली तरी माझ्या मते पुरे. पुढे कुणी विचारलं की ‘तुम्ही दुरुस्तीआधी काय होतं ते कशावरून सांगता?’ तर हा कागद दाखवायचा.

फाइलीबाहेरचे पुरावे गोळा करा

याला लोक सगळ्यात कमी वेळ देतात, आणि खरी दुरुस्ती इथेच होते. लॉगमध्ये काय असायला हवं हे लॉग बघून ठरवायचं नसतं. त्यासाठी लॉगशी संबंध नसलेला कागद हवा. अण्णांकडे काय-काय निघालं: पावती छापणाऱ्या प्रिंटरमधला शेवटचा कागद, वीज गेल्यावर हाताने फाडलेली तीन बिलं, दुकानाच्या यूपीआय ॲपमधली जमेची यादी, आणि गल्ला.

गल्ला मोजायला मी अण्णांनाच बसवलं. ६२,२७० रुपये निघाले. हा आकडा पुढे लागणार आहे.

एव्हाना एक वाजून गेला होता आणि अण्णांनी शटर निम्मं खाली ओढलं होतं. पुण्यातली दुकानं एक ते चार बंद असतात यावर सगळ्या जगाने विनोद करून झाले आहेत, पण जूनच्या गर्दीत चालू यंत्रणा तीन तास बंद ठेवायची मुभा मला दुसऱ्या कुठल्याही गावात मिळाली नसती.

बिघाड नक्की कुठून सुरू होतो

फाइल एक्सेलमध्ये उघडायची नाही, वर्डमध्ये तर नाहीच. न दिसणारी अक्षरं दाखवणारा साधा एडिटर घ्या, नोटपॅड प्लस-प्लस किंवा विम. शिवाय हेक्स, म्हणजे फाइलीतला प्रत्येक बाइट दोन-अक्षरी आकड्यात, दाखवणारा एखादा एडिटर जवळ असू द्या. चांगल्या भागात देवनागरी मजकूर असेल तर ई० ए४, ई० ए५ अशा जोड्या पुन्हा-पुन्हा दिसतात, कारण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं आणि त्याची सुरुवात अशीच होते. जिथे नुसती ००, ०० अशी रांग लागते तिथे लिखाण झालंच नाही असं समजायचं. वीज गेल्यावर हे हमखास दिसतं. फाइलीची लांबी वाढल्याची नोंद डिस्कवर झालेली असते, पण मजकूर मेमरीतच राहून जातो.

आमच्या फाइलीचा शेवट असा होता. प्रत्येक ओळीच्या शेवटी त्या ओळीच्या मजकुरावरून काढलेला आठ अक्षरी तपासअंक असतो, मजकूर बदलला की तो जुळत नाही. तो इथे गाळला आहे.

४८२२ | १२:४१:०७ | २२९० | सुरू
४८२३ | १२:४१:०७ | २२९० | नावे | रोकड | ३७४०.००
४८२४ | १२:४१:०७ | २२९० | जमा | विक्री | ३७४०.००
४८२५ | १२:४१:०८ | २२९० | पक्का | गल्ला | ५८२१५.००
४८२६ | १२:४३:५२ | २२९१ | सुरू
४८२७ | १२:४३:५२ | २२९१ | नावे | रोकड | १२

आणि ‘१२’ नंतर शून्यांची रांग.

प्रोग्रामने ओळ ४८२७ ला बोट दाखवलं, म्हणून बिघाड तेवढाच आहे असं धरून चालायचं नाही. प्रोग्राम पहिल्या ठेचेलाच थांबतो किंवा नुसतं शेपूट तपासतो. म्हणून पूर्ण फाइल वरपासून खालपर्यंत चाळणारी छोटी स्क्रिप्ट लिहायची. पायथनमध्ये तीसेक ओळींत होते. तिने एवढं बघावं: अनुक्रमांक एकेकाने वाढतात का, प्रत्येक व्यवहाराला सुरू आहे का आणि पुढे पक्का किंवा रद्द आहे का, एका व्यवहारातल्या नावे आणि जमा रकमा सारख्या आहेत का, मागच्या गल्ल्यात या व्यवहाराची रोकड मिळवली की पुढचा गल्ला येतो का, आणि तपासअंक जुळतो का. स्क्रिप्टने फक्त यादी छापावी, फाइलीत काही लिहू नये.

वेळेवर मात्र फार विसंबू नका. जुन्या यंत्रांच्या मदरबोर्डवरचा बटण सेल संपलेला असला की वीज आल्यावर घड्याळ थेट काही वर्षं मागे जातं, आणि लॉगमध्ये आजच्या बिलांखाली जुन्या तारखा दिसू लागतात. अनुक्रमांक आणि वेळ यांचं भांडण असेल तर अनुक्रमांकाचं ऐका. वेळ तशीच राहू द्या, शेरा मारा.

स्क्रिप्टने दोन जागा दाखवल्या. शेवटची अर्धी ओळ माहीत होती. दुसरी जागा सकाळी ११:५८ च्या सुमाराची, तिच्यामुळे प्रोग्राम अजून अडलाही नव्हता.

अर्धी ओळ: पुरी करायचा मोह

४८२७ कडे बघून कुणालाही वाटेल की रक्कम बाराशे-काहीतरी असणार. हातबिलांत पहिलंच बिल १,२८५ चं होतं. गिऱ्हाईकही तेच, बाई काउंटरसमोर उभ्या असतानाच वीज गेली होती. पुतण्या म्हणाला, “ताई, १२८५ लिहा ना, सरळ दिसतंय.”

नाही लिहायचं. व्यवहाराला ‘पक्का’ची ओळ नाही, म्हणजे प्रोग्रामच्या दृष्टीने तो व्यवहार झालेला नाही. तुम्ही तो हाताने पुरा केलात आणि संध्याकाळी कुणीतरी हातबिलं चढवली, की तेच बिल दोनदा लागलं. गल्ला १,२८५ ने जास्त दिसणार आणि मग त्याचा शोध घेता-घेता रात्र होणार. अर्धवट व्यवहार उलटवायचा, आणि खरोखर झालेला व्यवहार नवा म्हणून नव्या क्रमांकाने लिहायचा. अण्णांना हे समजावावं लागलंच नाही. “बरोबर आहे. कीर्दीत खाडाखोड नाही करायची. आडवी रेघ मारायची, सही करायची आणि खाली नवी नोंद.”

म्हणून कामाच्या प्रतीत शून्यांची रांग काढली, अर्ध्या ओळीच्या जागी ही ओळ घातली आणि तिच्याखाली काहीही ठेवलं नाही:

४८२७ | १२:४३:५२ | २२९१ | रद्द

अर्धी ओळ जशी होती तशी, हेक्ससकट, दुरुस्तीच्या टिपणात उतरवून ठेवली. ओळीच्या शेवटी नवी ओळ सुरू करणारं चिन्ह आहे ना हे तपासायला विसरू नका. ते नसलं तर पुढचं पहिलं बिल याच ओळीला चिकटतं आणि तुम्ही रिक्षात बसता न बसता तोच फोन येतो. हे चिन्ह ०ए आहे की ०डी ०ए, तेही वरच्या ओळींत बघून तसंच ठेवा.

तुमच्या प्रोग्रामला ‘रद्द’सारखा प्रकारच ठाऊक नसेल तर अर्धवट व्यवहाराच्या सगळ्या ओळी, म्हणजे इथे ४८२६ आणि ४८२७, शेपटीपासून कापाव्या लागतात. कापायचं ते फक्त शेवटच्या ‘पक्का’च्या खालचं. मधली एकही ओळ काढायची नाही.

दोन काउंटर, एक ओळ

सकाळची जागा अशी दिसत होती:

४८०० | ११:५८:३३ | २२८४ | जमा | वि४८०१ | ११:५८:३३ | २२८५ | सुरू
क्री | ९१५.००

दोन्ही काउंटर शेअर केलेल्या एकाच फोल्डरमधल्या फाइलीत लिहितात आणि प्रोग्राम लिहिताना कुलूप लावत नाही. एकाची ओळ अर्धी जाते न जाते तोच दुसऱ्याची मध्ये घुसते. इथे तुकडा नेमका ‘वि’ आणि ‘क्री’च्या मध्ये पडला म्हणून वाचता आलं. तोच चिन्हाच्या तीन बाइटच्या मधोमध पडला असता तर दोन्हीकडे नुसते प्रश्नचिन्हाचे चौकोन दिसले असते. तसं झालं तर एडिटरमध्ये जोडत बसू नका, हेक्समध्येच तुकडे एकमेकांना लावा, चिन्ह आपोआप परत दिसतं.

इथली दुरुस्ती वरच्यापेक्षा निर्धास्त आहे, कारण काहीच हरवलेलं नाही, फक्त जागा चुकली आहे. तुकडे जोडून ४८०० ची ओळ केली, ४८०१ वेगळी खाली ठेवली आणि दोन्हींचे तपासअंक काढून बघितले. फाइलीत होते तेच आले. तपासअंक जुळला म्हणजे आपण जोडलेली ओळ अक्षरशः मूळचीच आहे. २२८४ ची नावे ओळही ९१५ चीच होती.

पुतण्याने केलेली मदत

निरोप घेऊन मी उठणार, तेवढ्यात पुतण्या जरा चाचरत म्हणाला की वीज आल्यावर त्याने ‘ताडून बघायला’ बुधवारची लॉग फाइल एक्सेलमध्ये उघडली होती. आणि बंद करताना एक्सेलने विचारलं तेव्हा सेव्ह म्हटलं.

पहिलं नुकसान विजेचं, दुसरं मदतीचं. बुधवारी बॅकअपचा पेनड्राइव्ह घरी राहिला होता, त्यामुळे चांगली प्रत होती ती मंगळवारपर्यंतचीच.

एक्सेल अशा फाइलीचं काय करतं ते एकदा नीट बघून ठेवा. उभ्या रेघांच्या जागी टॅब आले होते. ४५०.०० चं ४५० झालं होतं. आणि यूपीआयचा बारा आकडी संदर्भ क्रमांक मोठी संख्या समजून ४.१३ई+११ असा करून टाकला होता. मजकूर म्हणून सेव्ह केलं की एक्सेल दिसतं तेच लिहितं, म्हणजे मागचे आकडे कायमचे गेले. फाइल पुन्हा उघडून खाना कितीही रुंद केलात तरी ते परत येत नाहीत.

बुधवारी यूपीआयचे ४१ व्यवहार होते. आधी जे निश्चित नियमाने परत आणता येतं ते आणलं: टॅबच्या जागी रेघा, रकमांना दोन दशांश. रोख व्यवहारांच्या ओळी एवढ्यानेच सावरल्या, तपासअंक जुळले. उरल्या यूपीआयच्या ४१ ओळी. यूपीआय ॲपमधून बुधवारची यादी उतरवून घेतली आणि रक्कम आणि वेळ बघून एकेक संदर्भ क्रमांक ओळीत बसवला. बसवला की तपासअंक काढायचा आणि ओळीशेवटच्या अंकाशी ताडायचा. जुळला तर पक्कं.

४५० रुपयांची दोन बिलं चार वाजून दहा आणि बारा मिनिटांची होती, आणि ॲपमध्येही ४५० च्या दोन जमा त्याच सुमाराच्या. कुठला क्रमांक कुणाचा? तपासअंक नसता तर अंदाजपंचे काम झालं असतं. पहिला क्रमांक पहिल्या ओळीत घातला, जुळला नाही. अदलाबदल केली, दोन्ही जुळले. नंतर आलेल्याने आधी पैसे पाठवले होते.

४१ पैकी एका ओळीचा तपासअंकच एक्सेलने गिळला होता. तो ५१२०९ई१७ असा होता, म्हणजे आकडे, मध्ये एकच ‘ई’ आणि पुन्हा आकडे. एक्सेलला वाटलं ही मोठी संख्या, त्याने ५.१२ई+२१ लिहून ठेवलं. त्या ओळीसाठी यादीत एकच क्रमांक उरला होता, तो घालून काढलेला तपासअंक ५१२०९ई१७ आला आणि एक्सेल तो ५.१२ई+२१ असाच दाखवतं, म्हणून तो स्वीकारला. तसं झालं नसतं तर मी संदर्भाची जागा रिकामी ठेवली असती. चुकीचा क्रमांक भरलेल्या ओळीकडे पुढे कुणी ढुंकूनही बघत नाही, रिकामी जागा निदान डोळ्यांत खुपते. रकमेबद्दलच शंका असेल तर ती सस्पेन्स खात्यात (खुलासा होईपर्यंत रक्कम ठेवायच्या तात्पुरत्या खात्यात) टाका आणि दुकानाच्या सीएंना त्याच दिवशी कळवा.

तपासअंकाबद्दल दोन गोष्टी

नव्या किंवा बदललेल्या ओळीचा तपासअंक प्रोग्रामच्याच फंक्शनने काढायचा. नेटवर मिळणाऱ्या कॅल्क्युलेटरमध्ये ओळ चिकटवली की शेवटची मोकळी जागा किंवा नवी ओळ धरली-न धरली यावरून उत्तर बदलतं. आणि सेटिंगमध्ये तपासणीच बंद करायचा पर्याय दिसला तरी तो वापरू नका. प्रोग्राम उघडेल, आणि त्यानंतरचा प्रत्येक बिघाडही गुपचूप आत येईल.

काही लॉगमध्ये प्रत्येक ओळीच्या तपासअंकात आधीच्या ओळीचा तपासअंकही मिसळलेला असतो. तिथे मधली एक ओळ बदलली की खालची सगळी साखळी तुटते. ती हाताने पुन्हा विणायची नाही, कारण मागून कुणी फेरफार करू नये यासाठीच ती तशी केलेली असते. तिथे दुरुस्ती म्हणजे शेवटी जोडलेली उलट नोंद, दुसरं काही नाही.

तेरीज जुळते का

दुरुस्त केलेल्या फाइली लगेच दुकानाच्या यंत्रावर टाकू नका. माझ्या लॅपटॉपवर त्या प्रोग्रामची रिकामी प्रत असते. तिच्यात मंगळवारची दिवसअखेरची शिल्लक घातली, मग बुधवारचा लॉग आणि मग गुरुवारचा वाचायला दिला. बुधवारअखेरची शिल्लक दुकानातल्या छापील तेरजेशी, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांच्या यादीशी, जुळली. गुरुवारचा गल्ला ५८,२१५ आला, म्हणजे ओळ ४८२५ मध्ये होता तोच.

आता अण्णांनी मोजलेला आकडा. ५८,२१५ मध्ये तीन हातबिलं मिळवायची: १,२८५, ६४० आणि २,१५०, तिन्ही रोखीची, बेरीज ४,०७५. गल्ल्यात ६२,२९० हवेत. होते ६२,२७०. वीस रुपये कमी.

इथे एक वाईट सवय सांगते, कारण मलाही ती होती. वीस रुपयांसाठी कोण बसणार म्हणून एखादी ओळ वीसने ‘जुळवून’ घ्यायची. तसं केलंत की दुरुस्ती संपली आणि बनवाबनवी सुरू झाली. मी विचारल्यावर काउंटरवरच्या पोराने सांगितलं की पावणेएकला दोन कटिंग आणि एक पाण्याची बाटली आणली होती. खर्चाची चिठ्ठी फाडायची राहिली होती.

दुरुस्तीची नोंद आणि कायदा

दुरुस्तीचं टिपण वेगळ्या मजकूर फाइलीत आणि कागदावर, दोन्हीकडे. प्रत्येक बदलासाठी जुनी ओळ, नवी ओळ, कशाच्या आधारे, कुणी आणि किती वाजता. आधीचा आणि नंतरचा एसएचए ठसा. खाली मालकाची सही. लॉगमध्ये शेऱ्याची ओळ चालत असेल तर तिथेही ‘दुरुस्ती, टिपण पाहा’ एवढं घाला.

कंपनी असेल तर हा फक्त शिस्तीचा प्रश्न राहत नाही. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांनी हिशेबासाठी वापरायच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची, तारखेसह, नोंद ठेवणारा एडिट लॉग असणं बंधनकारक आहे आणि तो बंद करता येता कामा नये. त्या एडिट लॉगला हाताने शिवायचंच नाही, मोडला असला तरी. सॉफ्टवेअर देणाऱ्याला आणि ऑडिटरला लेखी कळवायचं आणि पुढच्या नोंदी योग्य रीतीने करायच्या. अण्णांचं दुकान भागीदारीतलं, त्यांना हा नियम लागू नाही. तरी टिपणाची एक प्रत मी त्यांच्या सीएंकडे पाठवलीच.

परत बसवताना

मोडक्या फाइलीवर नवी फाइल ओतू नका. जुनीच्या नावापुढे तारीख आणि ‘मोडकी’ असं लिहून ती शेजारी ठेवा आणि मग दुरुस्त फाइल मूळ नावाने आणा. लिनक्सवर मालकी आणि परवानग्या जुन्या फाइलीसारख्याच आहेत ना ते बघा, नाहीतर प्रोग्रामला वाचता येतं पण लिहिता येत नाही आणि ते पहिल्या बिलालाच कळतं. दुसरा काउंटर बंदच ठेवून एक बिल करा, लॉगमध्ये ४८२८ पासून चार ओळी नीट उतरल्या का बघा, मगच बाकीचं. हातबिलं चढवताना प्रत्येकाच्या शेऱ्यात हातबिलाचा क्रमांक आणि खरी वेळ लिहा. वीस रुपयांची खर्चाची नोंदही तेव्हाच.

पुन्हा असं होऊ नये म्हणून करायचं ते थोडक्यात, कारण ते कुणी करत नाही. प्रत्येक ‘पक्का’नंतर प्रोग्रामने एफसिंक करून ओळ डिस्कवर पोचल्याची खात्री करावी, तोवर पावती छापू नये. फाइलीत एकाच प्रक्रियेने लिहावं, काउंटरनी तिच्याकडे नोंदी पाठवाव्यात. लॉग रोज नवा आणि कालचा फक्त-वाचा. आणि यूपीएसची वायर भिंतीतून काढून महिन्यातून एकदा पाच मिनिटं खरंच चालतो का ते बघायचं.

पावणेचारला अण्णांनी शटर वर ढकललं. टिपणावर सही करण्याआधी त्यांनी ते दोनदा वाचलं, मग ड्रॉवरमधून लाल कापडी बांधणीची वही काढली आणि तारीख घालून त्यात लिहिलं: ‘बिल २२९१ रद्द, हातबिल १ पाहा.’ पुतण्याला बॅटरी आणायला तपकीर गल्लीत पाठवलं होतं, तो अजून आला नव्हता.